समुद्राकाठची नेमणूक

तारशाळेत सगळे त्यांना टिकटिक बाई म्हणत. तोंडावर मात्र नुसतं बाई. मुलींना पहिल्यांदा घेतलं त्याच तुकडीत त्या शिकल्या, पहिल्या आल्या आणि तिथेच शिकवायला लागल्या. शाळा म्हणजे तारकचेरीमागची एक लांबट खोली. दोन रांगा टेबलांच्या, प्रत्येकावर तार पाठवायचा पितळी खटका आणि दिवसभर असा कडकडाट, की शेजारच्या शिंप्याने आपली खिडकी कायमची बंद करून टाकली होती. "नुसतं बडवू नका रे," बाई म्हणायच्या, "ठिपका वेगळा, रेघ वेगळी. समोरच्याला कळलं पाहिजे."

मग शाळेत बिनतारी यंत्र आलं. शाळाप्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, हेडफोन कानाला लावून पाहिला आणि "मच्छर आहेत नुसते," म्हणून बाईंच्या हाती दिला. बाईंना त्या खरखरीच्या आत एक बारीक शीळ ऐकू आली, ठिपक्यांची आणि रेघांची. कुठल्याशा जहाजावरचा माणूस दुसऱ्या जहाजाला विचारत होता, तुमच्याकडे वारा कसा आहे? बाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून समुद्राकाठच्या बिनतारी केंद्रावर जायचं त्यांच्या मनाने घेतलं.

"जाल हो, कोण नाही म्हणतंय?" साहेब म्हणाले. "पण एवढी तुकडी बाहेर पडू दे. तुम्ही गेलात तर शिकवणार कोण, मी? मला आपली घंटा तेवढी वाजवता येते."

बाई हसल्या. त्या हसल्या की विषय संपे. पुढच्या तुकडीलाही तसंच झालं. मग घरी भावाने अंथरूण धरलं. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमचा आधार आहे म्हणून मी उभी आहे हो." अडवलं असं कुणीच नाही.

एका तुकडीत धांदल्या नावाने ओळखला जाणारा एक विद्यार्थी होता. त्याची अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची. वर्ग सुटल्यावर बाई त्याचं मनगट धरून त्याला सावकाश खटका दाबायला लावत. तो पास झाला, आणि नेमकी तेव्हाच केंद्रावर जागा निघाली. "कोणाला पाठवू?" साहेबांनी विचारलं. स्वतःचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. बाईंनी धांदल्याचं सांगितलं. आपलं सांगितलं असतं तर साहेब हो म्हणाले असते की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

वर्षं गेली. तारांचं काम आटलं, शाळा बंद झाली. धांदल्या आता केंद्राचा प्रमुख होता. तो स्वतः घरी आला. "बाई, चला. तुमच्यासाठी जागा ठेवलीय."

बाई गेल्या. नवं लुगडं नेसून गेल्या. यंत्रापुढे बसून त्यांनी हेडफोन लावला. खरखर ऐकू येत होती. शीळ येईना. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर शेजारी दुसरा हेडफोन लावून बसलेली मुलगी भराभर लिहीत होती. बाई तिच्या पेन्सिलीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"अरे, कान गेले माझे," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं शाळेत हेच कानाला लावून बसले ना."

"मग दुसरं काम बघू, बाई. तपासायचं, शिकवायचं..."

"शिकवून झालं रे. मला ऐकायचं होतं."

धांदल्या उठला. तो त्यांना बाहेर घेऊन गेला. समुद्र समोरच होता. त्याची गाज मोठी, जाड, बाईंना अगदी स्पष्ट ऐकू येत होती. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. संध्याकाळच्या गाडीने परत निघाल्या.

दारातच वहिनींनी विचारलं, "कसं आहे हो ते केंद्र?"

"छान आहे," बाई चपला काढत म्हणाल्या. "आणि वहिनी, वाटलं होतं तेवढं लांब नाही हो."

वहिनींनी मान खाली घातली आणि पाण्याचा तांब्या आणायला त्या आत गेल्या.