अस्तरातली सुई

हाडांचे डॉक्टर वसंतराव सोनपेठकर यांच्याशी माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. नल्लकुंट्यातल्या माझ्या दुकानातून त्यांनी शेरवानी शिवून नेली आणि दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आले. "मास्टर, खांद्याशी काहीतरी टोचतंय." सुईचं मोडकं टोक अस्तरात राहिलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार टाके उसवून टोक काढलं, पुन्हा शिवून दिलं. डॉक्टर स्टुलावर बसून बघत होते. रागाचा एक शब्द बोलले नाहीत.

पुढं माझी मुलगी शकुंतला हिचा उजवा खांदा दुखू लागला. ती माझ्याजवळ कटिंग शिकत होती; तो हात म्हणजे तिचं सगळं. खांद्याजवळच्या हाडात गाठ निघाली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. पण हाड आतून पोखरलंय, धक्क्यानं मोडेल." परदेशी यंत्रं मागवणं नुकतंच सोपं झालं होतं. हाड पडद्यावर दाखवणारं यंत्र त्यांच्याकडे आलं होतं. त्यात बघत, लहानशा छेदातून गाठ खरवडून काढायची, असा त्यांचा बेत.

माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हटलं, "साहेब, खांदा पुरता उघडून बघा. काही राहून नको जायला."

"माझी शेरवानी तुम्ही पुरती उसवली होती काय?"

"नाही जी. सगळं उसवलं की कापडाचा जीव जातो."

"स्नायूंचंही तसंच. कमी कापले की हात लौकर उचलता येतो." मग म्हणाले, "पण खोटा धीर देत नाही. नीट दिसलं नाही, तर छेद वाढवीन. आणि गाठ परतही येऊ शकते. दाखवायला येत राहावं लागेल."

शकू म्हणाली, "बाबा, आता बोलू नक्को. करू दे त्यांना."

छेद वाढवावा लागला नाही. दर तपासणीला डॉक्टर म्हणायचे, "हात वर कर बेटा. हळू, घाई नाही." आधी हात कानापर्यंत गेला, मग एक दिवस तिनं दुकानातल्या वरच्या फळीवरचा रिळांचा डबा स्वतःच काढला. गाठ परत आली नाही.

नव्या यंत्राची हौस त्यांनी कुणाच्या अंगावर फेडली नाही. अंबरपेठचे एक गृहस्थ 'त्याच मशीननं करा' म्हणून हटून बसले होते. डॉक्टरांनी त्यांना तीनदा परत पाठवलं. "गाठ निवांत बसलीय. नजर ठेवू. तिला उगाच का छेडायचं?"

माझी शाळा चौथीत सुटली. डॉक्टरांच्या पंचाहत्तरीला शोभतील असे मोठे शब्द मला येत नाहीत. म्हणून गेल्या आठवड्यात घडलं तेवढंच सांगतो. पंचाहत्तरीच्या शेरवानीसाठी डॉक्टर दुकानात आले. आता कात्री शकूच्या हाती असते. टेप घेऊन ती म्हणाली, "साहेब, हात वर करा. हळू, घाई नाही." ते हसले आणि त्यांनी हात वर केला.

डॉक्टरसाहेब, शिवणीत दोन बोटं कापड जादा ठेवलं आहे. प्रकृती अशीच ठणठणीत राहू द्या, अंगानं भरा. शेरवानी वर्षानुवर्षं सैल करून द्यायला आम्ही बसलो आहोत.