गंगेतून निघालेली डच नाणी

काशीला दुर्गाघाटाच्या पोलीस चौकीवर असतानाची ती चोरी आठवली की आजही हसू येते, आणि थोडी लाजही वाटते.

गल्लीतले एक मराठी गृहस्थ फिर्याद घेऊन आले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. कोचीला नोकरीत असताना त्यांनी डच कंपनीची तांब्याची नाणी हौसेने जमवली होती. तो डबाच कपाटातून नाहीसा झाला होता. कपाट आदल्या दिवशी सुनेने आवरले होते. सासऱ्यांनी नाव घेतले नाही, पण रोख कळत होता. सून शाळेत विज्ञान शिकवायची. मी तिचा जबाब तीनदा घेतला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "काका, आता मी या घरात राहणार नाही."

दुसऱ्याच दिवशी ठठेरी बाजारातल्या ओळखीच्या भांडेवाल्याचा फोन आला. "साहब, एक मिस्त्री पुराना ताँबा बेचने आया है. चाय पर बैठा रखा है."

मी त्याला चौकीवर आणले. मिस्त्री नळ दुरुस्त करणारा. त्या घरी कामाला गेल्याचे त्याने लगेच कबूल केले. नाण्यांचे विचारताच पिशवीतून दोरी बांधलेले चुंबक काढून म्हणाला, "इसी से निकाले हैं. गंगा मैया की देन है."

मला ते खरे वाटले. भाविकांनी गंगेत टाकलेली नाणी असे चुंबकाने काढणारे घाटावर रोज दिसतात. तेवढ्यात नाणी ओळखायला सासरे आणि सून आले. सुनेने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "भैया, एक सिक्का उठाकर दिखाओ."

त्याने चुंबक टेकवले. माझ्या टेबलावरच्या टाचण्या टणाटण चिकटल्या, नाणे जागचे हलले नाही.

"पानी में चिपकता है, मैडम!"

हवालदाराने लगेच बादली आणली. चुंबक दोनदा बुडवल्यावर मिस्त्री स्वतःच हसला. "लिख लीजिए, साहब. डिब्बा मैंने ही उठाया."

"अहो काका," सून मला म्हणाली, "आजचा रुपया चिकटतो, त्यात लोखंड असतं. तांबं कसं चिकटेल?"

सासऱ्यांनी सर्वांसमोर हात जोडले. "सूनबाई, चुकलो मी."

"घरी बोलू, बाबा," ती म्हणाली. पण चौकीची उंच पायरी उतरताना तिने त्यांचा हात धरला.

तीन जबाब घेतले, पण तिचे मत मी एकदाही विचारले नव्हते. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक संशयिताला जबाबाच्या शेवटी मी विचारत असे, "तुम्हाला काय वाटतं, कसं झालं असेल?" बरेच गुन्हे त्या उत्तरातूनच उलगडले.