चाकणच्या अपिलाचा शेवटचा पुकारा

सोमवार, पौष महिना, १९५७. हजर: न्यायाधीश, पुकारा करणारा शिपाई, दोन्ही बाजूंचे वकील, चाकणच्या काकू आणि मी, काकूंच्या वकिलांचा कारकून. गैरहजर: काकूंचे धाकटे दीर. अपील त्यांचंच होतं.

अशी नोंद मी रोज करीत असे. सकाळी चिंचवडहून सायकलीने पुण्याचं कोर्ट गाठायचं, कामांची यादी करायची, झालेल्या कामावर रेघ मारायची. काकूंच्या कामावर मात्र सात वर्षं रेघ पडली नव्हती. नवरा गेल्यावर सामाईक विहिरीवरची त्यांची पाण्याची पाळी दिरांनी बंद केली. खालच्या कोर्टाने ती परत दिली. दिरांनी अपील केलं, निकालाला स्थगिती मिळवली आणि पुढे नुसत्या तारखा घेतल्या. तेवढी वर्षं काकूंचं रान कोरडं.

गावात दोघांचं बोलणं नव्हतं. तारखेला मात्र एकाच एसटीने येत आणि आवारातल्या कडुलिंबाखाली काकूंच्या फडक्यातली भाकरी खात.

"भाऊजी, ठेचा लई तिखट झाला का?"

"झालाय. तुमच्या वकिलाला चारा, लई बोलतंय ते."

नवे न्यायाधीश आले आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या अपिलांची यादी फळ्यावर लागली. खाली एकच ओळ: चालवा, नाहीतर काढून टाकू. महिन्याची मुदत होती, दोन्ही बाजूंना नोटिसाही गेल्या होत्या. इतकी नीट यादी मी कोर्टात आधी पाहिली नव्हती. उभ्या उभ्या दोनदा वाचली. त्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मी यादी संपली, तीही साहेबांचा आवाज एकदाही न चढता.

आमचा पुकारा झाला. दिरांचे वकील उठले. "पक्षकार आलेला नाही. मला त्याने काही कळवलेलंही नाही."

साहेबांनी लेखणी उचलली तशा काकू मागून उठल्या. "सायेब, जरा दम धरा. भाऊजी येत्याल. कांद्याची लावण हाय त्यांची आज, वाटलं आसंल तारीखच पडंल."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

साहेब म्हणाले, "बाई, अपील तुमच्याविरुद्ध आहे. ते आले नाहीत तर पाणी तुम्हाला मिळेल. कळतंय ना?"

"कळतंय की. पर त्यांची भाकर माज्याकडं हाय."

कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. कागद बाजूला ठेवत शिपायाला म्हणाले, "चाकणची दुपारची गाडी येऊ द्या. सगळ्यात शेवटी पुन्हा पुकारा."

गाडी आली, दीर आले नाहीत. शिपायाने फाटकापर्यंत जाऊन तीनदा नाव घेतलं. मग साहेबांनी दोन ओळी लिहिल्या: गैरहजेरीमुळे अपील काढून टाकलं. स्थगिती उठली.

"मग आता त्यांनी काय करायचं?" काकूंनी विचारलं.

"न येण्याचं सबळ कारण असेल तर तीस दिवसांत अर्ज," साहेब म्हणाले. दिवसभर एकही तारीख न देणाऱ्या त्या माणसाला एवढं सांगायला मात्र वेळ होता.

बाहेर काकू झाडाखाली बसल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "आता तारीख न्हाई, म्हंजी बोलणं बी न्हाई. तुमी एक कार्ड टाका त्यांना, तीस दिस हायत म्हणून."

वकील चिडले. "काकू, मिळालेलं पाणी परत द्यायचंय का?"

"पाळी माजी हाय, ती मी घेनारच. पर सांगितलं न्हाई, आसं नगं."

सात वर्षं कोरडं रान सांभाळलेली बाई हे म्हणत होती. मी यादीत लिहिलं: चाकण, दिरांना कार्ड. वकिलांनी बजावलं, "आपल्या दप्तरातून समोरच्याला टपाल जाणार नाही." रोज नवी यादी करताना मी ती ओळ पुढे उतरवीत राहिलो. तीस दिवस गेले. अर्ज आला नाही. पुढच्या हंगामात काकूंच्या रानात कांदा उभा राहिला.

कार्ड मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं होतं. ते अजून त्या वहीत आहे. पत्ता घालायचा राहिला आहे.