गरिबी न जमलेले साडू

बायकोशी काडीमोड झालेले पुरुष मी पुष्कळ पाहिले. पण बायको सुटली तरी साडू न सोडणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या अक्कांचा, हा नवरा. कोर्टाने दोघांना वेगळं केलं त्याला बरीच वर्षं झाली. निकाल लागला त्याच संध्याकाळी हे गृहस्थ लोहाऱ्यात माझ्या दारात हजर. म्हणाले, "साडू, घटस्फोट तिनं मला दिलाय. तुमचं-माझं काय त्या कागदावर आलेलं न्हाय." मी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला, पण मला त्यात खोट सापडेना. तेव्हापासून ते माझे साडूच आहेत. आमच्या हिने मात्र त्या रात्रीपासून 'दाजी' हा शब्द घरातून हद्दपार केला आणि त्याच्या जागी 'त्यो माणूस' नेमला. त्या माणसाला आमचा उंबरा बंद. म्हणून ते फाटकाशी जीप लावतात, हॉर्न देतात, आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून, दूध बघून येतो असं सांगून बाहेर जातो. दूध आमच्याकडे सकाळी येतं हे हिलाही माहीत आहे.

साडूंचा मुख्य व्यवसाय म्हणजे मोठेपणा. जोडधंदा म्हणून ते एक काळीपिवळी जीप चालवतात. जीपचं मागचं दार सुतळीने बांधलेलं असतं आणि पुढचं साडूंनी दंडाने दाबून धरलं तरच बंद राहतं. पण कुणी विचारलं, तर ते 'ट्रान्सपोर्ट लाइन'मध्ये आहेत. न्हाणीघराच्या पत्र्यावर त्यांनी द्राक्षाचे वेल चढवले आहेत, म्हणून ते द्राक्ष बागायतदार. एक म्हैस आहे, म्हणून डेअरी. म्हैस आटली तर ती आटली असं ते म्हणणार नाहीत. "तिला विश्रांती दिलीया" म्हणतात. एकदा माकणीच्या चढावर जीप बंद पडली आणि भर उन्हात सगळ्या पॅसेंजरना खाली उतरून ढकलायला लागलं. मीही त्यात होतो, नव्या पँटमध्ये. साडू स्टिअरिंगवरून मान बाहेर काढून सगळ्यांना समजावत होते, "कंपनीचंच सांगणं हाय, अधूनमधून ढकलून घ्यावं. इंजान मोकळं ऱ्हातं." एक म्हातारी पदराने तोंड पुसत म्हणाली, "आरं लेकरा, मग भाडं कंपनीकडनंच घे की." साडूंनी तिचं भाडं घेतलं नाही. बाकी कुणाचंही घ्यायचं धाडस मग त्यांना झालं नाही.

अक्कांचं आणि त्यांचं बिनसलं ते याच पायी. मुलीच्या जावळाला साडूंनी घरचीच माणसं म्हणत सगळा गाव जेवायला सांगितला होता. अक्का स्वभावाने मोजून बोलणाऱ्या. माहेरी परत आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "त्या माणसाच्या बोलण्यात रोज बुंदी असती. डब्यात पीठ नसतं."

तर अशा माणसावर मागच्या पावसाळ्यात गरीब व्हायची वेळ आली. सोयाबीन काढणीला आलेलं आणि वरून पाऊस. शेंगांना रानातच मोड आले. जीपचं इंजिन उतरवून ठेवलं होतं. दर महिन्याची पोटगी थकत गेली, आणि उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं की पोटगी कमी करून मागता येते, परिस्थिती बदलली एवढं कोर्टाला पटवून द्यायचं. साडूंनी अर्ज लावला. तिकडे त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, दहावीला तालुक्यात चमकली होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्यासाठी लातूरला क्लास लावायचा होता. म्हणून अक्कांनी पोटगी वाढवून मिळावी असा उलटा अर्ज लावला. दोन्ही अर्ज एकाच दिवशी, एकाच टेबलावर. पोरीने लातूरला जायचं की गावातच अकरावी उरकायची, हे आता त्यावर ठरणार होतं.

वकिलाकडे साडू मला घेऊन गेले. वकील म्हणाले, "तुम्ही गरीब आहात हे कोर्टाला दिसलं पाहिजे."

"किती गरीब?" साडूंनी विचारलं.

"पूर्ण."

"मधलं काय चालणार न्हाय का? म्हंजी खाऊनपिऊन?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. हा माणूस माझ्या ताब्यात देण्यात आला आहे, असा त्या नजरेचा अर्थ मी घेतला आणि गरिबीचं प्रशिक्षण हाती घेतलं. माझा एक विटका शर्ट त्यांना दिला. खांदे पाडून कसं चालायचं ते करून दाखवलं. उत्पन्न काय, असं विचारलं की खाली बघून 'काय न्हाय साहेब' म्हणायचं. साडू खाली बघायचे, 'काय न्हाय साहेब' म्हणायचे, आणि क्षणभर थांबून पुटपुटायचे, "सध्या." ते 'सध्या' काढायला मला दोन आठवडे लागले.

आता माझ्याविषयी सांगणं भाग आहे. मी शाळेत कारकून असलो तरी माझी खरी कीर्ती लग्नाच्या माइकवर आहे. आमच्याकडे अक्षतांच्या आधी मान्यवरांना नावं पुकारून फेटे बांधतात, आणि ते पुकारणं माझ्याशिवाय कुणाला जमत नाही असं माझं मत आहे. ज्याची पानटपरी आहे त्याला मी 'युवा उद्योजक' करतो. जो काहीच करत नाही तो 'युवा नेते'. माणूस फेटा बांधून खाली उतरतो तेव्हा वीतभर उंच झालेला असतो. यात कुणाचं काही बिघडतं असं मला तोवर वाटलं नव्हतं.

तेरला आमच्या नात्यातलं लग्न होतं. दोन्हीकडचे पाहुणे होते. मी माइकवर, आणि साडू मांडवाच्या पार शेवटी, पाण्याच्या टाकीशेजारी, माझाच विटका शर्ट घालून, खांदे पाडून बसलेले. वकिलांच्या सांगण्याला इतका जागलेला माणूस मी पाहिला नाही. एकेक करून सगळ्यांना फेटे बांधून झाले. कालपर्यंत त्यांच्या जीपला लोंबकळणारी पोरंसुद्धा तुरे काढून मिरवत होती. आणि साडू दर नावाला मान किंचित वर करत आणि परत खाली घालत. मला ते बघवेना. मी माइक तोंडाशी धरला आणि कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं बोलून गेलो, "आता आपल्या पंचक्रोशीतले प्रगतशील द्राक्ष बागायतदार, दुग्ध व्यावसायिक, वाहतूक क्षेत्रातलं मोठं नाव, दानशूर व्यक्तिमत्त्व..."

साडू उठले. पाडलेले खांदे जागच्या जागी गेले. स्टेजपर्यंत येताना त्यांनी वाटेतल्या आचाऱ्यालाही नमस्कार केला. त्यांना गुलाबी फेटा बांधताना एका भाच्याने मोबाइलवर सगळं टिपलं आणि जेवणाच्या पंगती उठायच्या आत ते त्याच्या स्टेटसला लागलं. फिरत फिरत आलेलं ते अक्कांच्या वकिलाने दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता पाहिलं.

मला साक्षीला बोलावणं आलं. हिने शर्टाला इस्त्री केली आणि हातात देताना म्हणाली, "खरं बोला. जड जाईल, पण बोला."

कोर्टात ते चित्रण लावलं. माझा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला.

"हा आवाज तुमचा?" अक्कांच्या वकिलाने विचारलं.

"हो."

"यात सांगितलं ते खरं?"

"माइकवरचं बोलणं लग्नापुरतं असतं साहेब."

"म्हणजे खोटं?"

"खोटं म्हणजे... अक्षता पडेपर्यंत खरं असतं."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून पुसला. वकील पुढे सरकले. "नीट सांगा. हे गृहस्थ बागायतदार नाहीत, व्यावसायिक नाहीत. मग हे आहेत कोण?"

मागच्या बाकावर अक्का बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी दप्तर मांडीवर घेऊन भाची. ती माझ्याकडे नाही, बापाच्या पाठीकडे बघत होती. साडूंना वाचवायचं तर एकच उत्तर होतं, आणि ते आम्ही दोघांनी मिळून पाठ केलेलं होतं. मी म्हणालो, "कुणी नाहीत साहेब. त्यांच्याकडे काही नाही."

आमची केस तिथं जिंकल्यात जमा होती. तेवढ्यात साडू उभे राहिले.

"मॅडम, साडूंचं मनावर घेऊ नका. ते जरा भित्रं हायत. गाडी हाय माझी. म्हस हाय. रान हाय, चार एकर, तेरणेच्या काठाला."

त्यांच्या वकिलाने त्यांना खाली बसवायला मागून शर्ट ओढला. शर्ट माझा होता आणि खरोखरच जुना होता. बगलेपासून कमरेपर्यंत उसवला. साडू तसेच उभे.

"मग पोटगी कमी कशासाठी मागताय?" बाईंनी शांतपणे विचारलं.

साडूंनी वळून मागे पाहिलं. मुलीने नजर खाली केली नाही. "कमी?" ते म्हणाले. "ते जुनं झालं मॅडम. पोरगी लातूरला जायची हाय. लागंल ते लिहा."

साडूंच्या वकिलांनी फाइल मिटली. बाई म्हणाल्या, दोन्हीकडच्यांनी बाहेर बसून विचार करा, मग या.

बाहेर व्हरांड्यात अक्कांचे वकील खुशीत होते. रान आहे म्हणतो, गाडी आहे म्हणतो, दुप्पट मागू, असं त्यांचं चाललं होतं. अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, त्यांच्याकडं काय हाय अन् काय न्हाय, ते मला ठावं हाय. माझं वाढवू नका. हाय तेच दिऊ द्या, उशिरा दिलं तरी चालंल. पोरीच्या क्लासापुरतं तेवढं लिहा." वकिलांनी आणखी काही बोलून पाहिलं. अक्का म्हणाल्या, "त्यांच्या म्होरं हे बोलू नका." पलीकडे साडू उसवलेला शर्ट हाताने मिटून धरून पोरीला विचारत होते, लातूरला मेसचं जेवण तिखट असतं का.

त्याप्रमाणे लिहून झालं. आठवड्याभरात म्हैस दिसेनाशी झाली. "बदलीवर गेलीया," साडू म्हणाले.

इंजिन परत बसलं आणि पोरीला लातूरला सोडायला जीपच गेली. अक्का मागे गाद्या-भांड्यांच्या मधे बसल्या, भाची पुढे. संध्याकाळी परतताना साडू आमच्या फाटकाशी थांबले. हॉर्न दिला नाही. मी दिसलो म्हणून थांबले असं म्हणाले, पण मी आधीपासून तिथंच उभा होतो.

"वाटेत काय बोलणं झालं का अक्कांशी?"

"झालं की. म्हणाल्या, खड्डा हाय, हळू घ्या." ते थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "साडू, पोरगी डॉक्टर झाली, दवाखाना टाकला, तर मला तिथं बाहेर नंबर लावायला लागंल का वो? का असंच आत जाता यील?"

मी म्हणालो, "असंच जाता येईल."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. माझ्या मागे दार वाजलं. ही आत उभी होती. म्हणाली, "चहा टाकलाय. गार व्हायच्या आत या म्हणावं दाजींना."