दादाच्या हातातली टेप

दादानं सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, पेंट शॉपमध्ये काढली. ज्या गाड्यांचं छत वेगळ्या रंगाचं असतं, त्यांच्या छताची कड टेप लावून झाकायची, हे त्याचं काम. रिटायर होऊन दिघीच्या घरी बसला तसा तो बोलायचा कमी झाला. वहिनीनं मला फोनवर सांगितलं होतं, "भाऊजी, त्यांचा हात जरा थरथरतोय." वयानं होत असेल, म्हणून मी ते सोडून दिलं.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजच्या गटानं एक मॉडेल रॉकेट बनवलं होतं. त्याचे पंख निम्मे पांढरे, निम्मे नारिंगी हवे होते. तिनं घरी प्रयत्न केला, पण नारिंगी रंग टेपखालून झिरपला आणि रेघेला दाते पडले. मी म्हणालो, "मोठ्या काकांकडे जाऊ. त्यांच्या हातचं काम आहे हे." दादालाही बरं वाटेल, असं मनात होतं. माझ्या या युक्तीवर मी तेव्हा खूश होतो.

रविवारी दुपारी गच्चीवर आम्ही तिघं बसलो. मुलीनं पंख घासून परत पांढरे करून आणले होते. दादानं रॉकेट हातात फिरवून बघितलं. "फिका रंग आदी दिलास, बरं केलंस," असं म्हणून त्यानं टेप काढली. पहिल्या पंखावर ती तिरकी गेली. त्यानं ती सोलली, नवी घेतली. तीही वळली. मग टेप त्याच्या अंगठ्यालाच चिकटून बसली आणि ती सोडवताना हात असा हलायला लागला, की मुलीनं मान खाली घातली.

मी हात पुढे केला. "दे दादा, मी लावतो."

त्यानं टेप दिली. उजवा हात मांडीखाली घेऊन थोडा वेळ बसला. "चा बगतो," म्हणून खाली गेला तो परत आला नाही. चहा वहिनी घेऊन आली. जिन्यात तिनं मला हळूच सांगितलं, "डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्यात. ते कुणासमोर हातात कप धरत नाहीत. तुम्हाला बोलले होते मी."

मी लावलेल्या टेपखालूनही रंग झिरपलाच.

परतताना गाडीत मला राहून राहून त्याच्या हातातून टेप घेतानाचा तो क्षण दिसत होता. तो चुकला असता, चिडला असता, चौथ्यांदा लावली असती. मी तेवढाही दम धरला नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या हाताकडे बघवत नव्हतं म्हणून मी ती घेतली.

पुढच्या आठवड्यात मुलगी रंगवलेलं रॉकेट घेऊन घरी आली. रेघ ब्लेडनं कापल्यासारखी होती. मी विचारलं, "कुणी केलं?"

"मीच. काकांकडे गेले होते. ते शेजारी बसून सांगत होते."

"काय सांगितलं?"

"टेपची कड नखानं दाबायची. मग तिच्यावर आधी पांढराच एक हात मारायचा, म्हणजे फट बुजते. त्यावर नारिंगी. आणि पुरता वाळायच्या आत टेप हळूच मागं ओढायची." तिनं रॉकेट टेबलावर ठेवलं. "दोनदा बिघडलं माझ्याकडून. ते एवढंच म्हणाले, परत लाव."

उड्डाणाच्या दिवशी मी दादाला न्यायला गेलो. "उन्हाचं झेपत न्हाई," म्हणून तो आला नाही. रॉकेट सरळ वर गेलं, पॅराशूट उघडलं. मुलीनं तिथूनच त्याला व्हिडिओ पाठवला.

संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. माफी मागायचीच, असं ठरवून. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघत होता. मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी गच्चीवर…"

"तुजी टेप सरळच हुती," तो मोबाईलवरची नजर न काढता म्हणाला. "कडंला पांढरा मारला न्हाईस, म्हणून झिरपलं."

मी "व्हय" म्हणालो. माफी मागायची राहिलीच. अजूनही मागितलेली नाही.