पळून आलेल्या कुत्र्याला पाणी

वडिलांनी गावाहून कारवानी कुत्रा आणायचं काढलं तेव्हा मी सरळ सांगितलं होतं, वर्तकनगरच्या दोन खोल्यांत सशामागे धावणारी जात पाळणं म्हणजे नसती उठाठेव. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आई गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नव्हते, कुत्रा आल्यावर त्याच्याशी बोलायला लागले. मग मीही विरोध सोडला. नोकरी, स्वयंपाक, वडिलांचं पथ्य आणि आता कुत्रा.

लस टोचताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. "शिकारी जात आहे, दमली तरी आपणहून थांबत नाही. धाप कमी होईना, जीभ रुंद होऊन लोंबली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, तर उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि मग इकडे आणा. पाय लटपटेपर्यंत वाट बघू नका." वडील तेव्हा बाहेर गाडीत बसले होते.

दर रविवारी आम्ही त्याला पळवायला शहाडला नदीकाठी न्यायचो. मार्चमधल्या त्या रविवारी माजिवड्यालाच वाहतूक कोंडीत तासभर अडकलो. पोचेपर्यंत साडेनऊ झाले. हवा इतकी दमट की मला उभ्या उभ्या घाम फुटला.

"आज नको सोडूया," मी म्हटलं.

"एवढं लांब आणून बांधून ठिवायचं व्हय?" म्हणत वडिलांनी पट्टा काढला.

बगळ्यांमागे वीस मिनिटं सुसाट पळून तो धापा टाकत परत आला. बाटली माझ्या हातातच होती.

"थांब पोरी. पळून आलेल्या जनावराला लगेच पाणी दावू नये, पोटात धरतंय. दम खाऊ दे त्याला."

गावाकडे बैलालाही हाच नियम. मला कुत्र्याची जीभ दिसत होती, लाळेच्या तारा दिसत होत्या, डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं आठवत होतं. पण वाद घालायचं अगदी जिवावर आलं. आठवडाभर ऑफिसात तेच केलेलं. मी बाटलीला झाकण लावलं आणि दगडावर जाऊन बसले.

दहाएक मिनिटांनी तो उठला, झोकांड्या खात चार पावलं गेला, ओकला आणि कोसळला. मग मात्र मी नदीचं पाणी आणून आणून त्याच्या अंगावर ओतलं. वडिलांनी ओला पंचा त्याच्यावर पांघरला. "झाकू नका, उष्णता आत कोंडते!" असं ओरडून मी तो ओढून काढला. तेव्हा बरा आवाज फुटला मला.

गाडीच्या खिडक्या उघड्या टाकून कल्याणचा दवाखाना गाठला. संध्याकाळी त्यानं शेपूट हलवलं, वडील हसलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. उष्णतेनं किडन्या निकामी झाल्या होत्या.

वडिलांनी गावी काकांना फोन लावला. "माझ्यामुळं गेला बघ. पोरगी पाणी देत हुती, मीच आडवलं. तिला बिचारीला यातलं काय ठावं?"

मी शेजारीच बसले होते. लाजेनं मान वर होईना. मला सगळं ठाऊक होतं, हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.