भिंतीलगतची पट्टी

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. एकशे वीस पत्रावळी, तीन रुपयांप्रमाणे तीनशे साठ. हजर: मी, बायको, मुलगी आणि जंगलाकडच्या गावातून पत्रावळी आणणारी बाई.

दुसऱ्या दिवशी नागभीडला आमच्या अंगणात पुतणीचा साखरपुडा होता. बसायला पाच पट्ट्या. प्रत्येकीवर पाठीला पाठ लावून दोन रांगा, रांगेत बारा माणसं. हिशेब माझा.

मुलगी ओसरीवर वही मिटून बसली होती. सोमवारी नागपूरला तिची पीएच.डी.ची मुलाखत. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन कसे वागतात, हा तिचा विषय. सरावात सरांनी विचारलं, सगळ्यांत खालच्या पातळीवर निम्मेच इलेक्ट्रॉन का मावतात? तिने फळाभर गणित मांडलं, पण तोंडाने सांगता येईना. कालपासून एकच धोशा, "मले नाई जमत. मी जात नाई."

बायकोने माझा हिशेब ऐकला. "भिंतीजवळच्या पट्टीवर बी चोवीस? अर्धे पाहुणे भिंतीत बसवता का?"

बाई पदरात हसली. "वाढाले भिंत फोडा लागन, भाऊ."

एकशे आठच हव्या होत्या. मी ओशाळलो. मुलगी मात्र उठून अंगणात आली.

"बाबा, हे अंगण म्हणजे चुंबकीय क्षेत्र, एकेक पट्टी म्हणजे एकेक पातळी. अंगण आधीच आखलेलं, बसणाऱ्यांमुळे ते बदलत नाई असं धरायचं. एका पत्रावळीवर दोन इलेक्ट्रॉन बसत नाईत. क्षेत्र वाढवलं की पट्टी लांब होते, जास्त मावतात. वरच्या पातळ्यांवर दोन उलट्या दिशांचे पाठीला पाठ लावून बसतात. सगळ्यांत खालच्या पातळीच्या पाठीशी कोणीच नाई, भिंत! म्हणून तिथं सगळ्यांची तोंडं एकीकडे, अन् माणसं निम्मी."

"अन् तुझा तो इलेक्ट्रॉन जेवते का?" बाईने विचारलं.

"नाई मावशी, नुसता जागा अडवते."

मग तिने तेच आईला सांगितलं, भिंतीकडे पाठ करून, हात हलवत. एकदाही अडखळली नाही. बायको माझ्याकडे बघत राहिली. कितीतरी दिवसांनी पोरीचा आवाज अंगणभर ऐकू येत होता.

पत्रावळी टाचून झालेल्या होत्या, म्हणून बाईला तीनशे साठ पूर्ण दिले.

सोमवारी पहाटेच्या एसटीत मीही चढलो. कंडक्टरला म्हटलं, "नागपूर, दोन."

"एकच घ्या, बाबा," ती म्हणाली. "मी जाते."

बायकांचं अर्धं तिकीट, एक, पंच्याऐंशी रुपये. ते कंडक्टरला दिले आणि खाली उतरलो.